दाबलं कोणी?

६ जानेवारी

विहीणबाईंस,

नमस्कार. खुशाली वेगळी विचारत नाही. पुढच्या मजकुरात तीच विचारलेली आहे.

आमच्या कन्येकडून असे समजले की, दर शनिवारी भिंगरीला पोहण्याच्या क्लासला आपण स्वतः गाडी चालवत नेता व आणता. आपल्या गाडी चालवण्याबद्दल काही म्हणणे नाही. (आहे, पण तो या पत्राचा विषय नव्हे.) विषय असा की, सदर गाडीत आग विझवण्याचे यंत्र ठेवले गेलेले नाही. आपली नात आठ वर्षांची आहे. आपली गाडी अकरा वर्षांची आहे. हे दोन आकडे एकाखाली एक लिहून पाहावेत.

आपण दिवसभर मोटारींच्या सीटची कव्हरे शिवता. फोम, रेक्झिन, कापड, सगळा जळाऊ माल. त्या धंद्यातल्या माणसाच्या गाडीत एक लाल नळकांडे नसावे, याचे नवल वाटले.

हे फोनवर सांगता आले असते. परंतु फोनवर बोललेले मागाहून दाखवता येत नाही. कारखान्याच्या भांडारात मी चौतीस वर्षे माल उतरवून घेतला. कागदावर जे नाही ते झालेच नाही, ही सवय आता जायची नाही.

आपला,
भिंगरीचा आजोबा


११ जानेवारी

व्याहीबुवा,

नमस्कार पोचला. कंसात बसवून पाठवलेला टोमणाही पोचला, जराही चुरगळला नव्हता.

तुम्ही भिंगरीला वर्षातून दोनदा भेटता, दाराच्या चौकटीला उभी करून तिची उंची मोजता आणि गाडी पकडता. मी दर शनिवारी तिचे ओले केस पुसते, तिची हरवलेली चप्पल शोधते आणि परतीच्या वाटेवर तिच्या वर्गातल्या प्रत्येक मुलीचं प्रत्येक भांडण ऐकते. तिची काळजी मला कळवायला तुम्हाला टपालखातं लागावं, याचं मला नवल वाटलं.

तरीपण तुमच्या जिवाला घोर नको म्हणून पेट्रोलपंपावरून एक फवाऱ्याचा डबा आणलाय. वीतभर उंच, पिवळं झाकण. त्यावर ज्वाळेचं चित्र आहे आणि त्या ज्वाळेवर फुली आहे. दाराच्या कप्प्यात छान बसतो. झालं समाधान?

भिंगरीची आजी


१७ जानेवारी

विहीणबाईंस,

समाधान झाले नाही.

डास मारायच्या फवाऱ्यासारखे जे दिसते, त्याने डासच मरावेत. कागदाची टोपली पेटली तर तो डबा कामाचा. इंजिन पेटल्यास तो रिकामा होऊन आपण पुन्हा पंपावर जाऊन दुसरा आणेपर्यंत आग थांबत नसते. शिवाय उन्हात बंद गाडीत असा डबा किती तापतो, हे डब्याच्या पाठीवरच बारीक अक्षरात लिहिलेले असेल. चष्मा लावून वाचावे.

निवड कशी करावी ते सांगतो. पाण्याचे नको. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग सोबत घेऊन फिरते. वायूचे चांगले, मागे घाण उरत नाही. पण ते जड असते आणि उघड्या रस्त्यावर वारा असला की वायू तिसरीकडेच जातो. गाडीसाठी कोरड्या पावडरचे, एक किलोचे घ्यावे. कापड, पेट्रोल आणि विजेच्या तारा या तिन्ही आगींच्या खुणा त्याच्यावर असाव्यात. दाब दाखवणारा काटा असावा आणि तो हिरव्या पट्ट्यात असावा.

ते डिकीत ठेवू नये. आग लागल्यावर डिकीतले सामान उपसत बसावे लागते. सीटखाली, हाताच्या अंतरावर, पट्ट्याने आवळून ठेवावे. सुटे ठेवल्यास घरंगळते आणि ब्रेकच्या पेडलखाली जाऊन बसले, तर आग लागण्याचीही गरज उरत नाही.

भिंगरीचा आजोबा


२२ जानेवारी

व्याहीबुवा,

तुमचं पत्र पर्समध्ये घालून दुकानात गेले. दुकानदाराने आधी माझ्या कमरेएवढं सिलिंडर पुढे ढकललं. "ताई, पाच किलोचं घ्या, पुन्हा बघायला नको."

मी म्हटलं, "अहो, हे गाडीत ठेवायचंय, गाडी ह्याच्यात ठेवायची नाहीये."

मग एक छोटं काढलं. "ह्याच्यात पावडर आहे का?"

"असेल."

"काटा कुठंय?"

"काटा कशाला हवाय? आग लागली की कळतंच की."

मी घरी आले. तुमच्या पत्रांना मी वैतागलेय, पण तो माणूस मात्र तुमच्या लायकीचा होता, तुमची आणि त्याची भेट व्हायला हवी. आता तुम्हीच निवडा आणि तुम्हीच पाठवा. तुमच्या हातचं आलं म्हणजे निदान हा पत्रव्यवहार तरी विझेल.

भिंगरीची आजी


२ फेब्रुवारी

विहीणबाईंस,

यंत्र आजच पार्सलने रवाना केले आहे. सोबत सीटखाली आवळण्याचा पट्टा व चार स्क्रू आहेत. चार दुकाने पालथी घालून ही वस्तू निवडली. पावडरचे, एक किलोचे, तिन्ही खुणा असलेले. दुकानात जागच्या जागी तपासून घेण्यात आले आहे, तरी निर्धास्त असावे.

धूर दिसल्यास गाडी कडेला घ्यावी. इंजिन बंद करावे. आधी माणसे उतरवावीत, मग यंत्र. बॉनेट पूर्ण उघडू नये, आत हवा शिरून ज्वाळा अंगावर येते. फटीतून मारावे. पिन ओढावी, नळी आगीच्या बुडाशी धरावी, दाबावे. महिन्यातून एकदा काटा बघावा आणि पावडर तळाशी बसू नये म्हणून यंत्र हलवावे.

हा कागद गाडीत ठेवावा.

भिंगरीचा आजोबा


९ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

पार्सल मिळालं. तुमचं पार्सल उघडायला मला रेक्झिन कापायची कात्री घ्यावी लागते. एवढ्या गाठी मारून तुम्ही माल नक्की कुणापासून वाचवता?

शेजारच्या सीटखाली बसवलंय. हात घातला की हाताला लागतं. रंग फार भडक होता, त्याचंही बघितलं. भिंगरीला पिन, नळी, सगळं दाखवलं. तुमचा कागद मी दोनदा वाचला आणि तिने पाठ केला. ती आता सिग्नलला उभ्या राहिलेल्या लोकांना काच खाली करून सांगते, "बॉनेट पूर्ण उघडू नये."

निवड चांगली केलीत. हे वाक्य जपून ठेवा, दुसरं मिळणार नाही.

भिंगरीची आजी


२४ जून

विहीणबाईंस,

शनिवारचा प्रकार कन्येकडून समजला. भिंगरीला व आपल्याला खरचटलेदेखील नाही, हे ऐकून जीव भांड्यात पडला. इंजिन आणि तारा जळाल्या त्या दुरुस्त होतील.

जावईबापू म्हणाले की आपल्याला त्या क्षणी काही सुचले नाही. कोणीतरी काढलेला व्हिडिओही त्यांनी पाहिला आहे. यात कमीपणा मानू नये. यंत्र हाताशी असले तरी सराव नसल्यास चांगल्या चांगल्यांचे हातपाय गळतात. आपण आता साठीच्या घरात. भिंगरीने यापुढे आपल्या गाडीत बसू नये, हा त्यांचा निर्णय कठोर वाटला तरी रास्त आहे. क्लासला जाण्यासाठी त्यांनी एक गाडीवाला ठरवला आहे. आपण मनाला लावून घेऊ नये व विश्रांती घ्यावी.

भिंगरीचा आजोबा


२९ जून

व्याहीबुवा,

विश्रांती तुम्ही घ्या. मला ऐकवायचंय आणि तुम्ही ऐकायचंय, शब्द न गाळता.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. क्लासच्या अलीकडचा सिग्नल. प्लास्टिक जळाल्याचा वास आला, मग बॉनेटच्या कडेने धूर. गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. भिंगरीचा पट्टा सोडला, तिला उचलून पलीकडच्या फुटपाथवर नेलं आणि सांगितलं, ह्या खांबाला मिठी मार, मी सांगेपर्यंत सोडू नकोस. परत आले. आतला खटका ओढला, बॉनेट बोटभर वर आलं, तेवढंच ठेवलं. सीटखालून तुमचं नळकांडं काढलं. पिन ओढली. नळी फटीत धरली. दाबलं.

फुस्स.

चिमूटभर पावडर नळीच्या तोंडाशी आली आणि लाजून तिथेच बसली. पुन्हा दाबलं. दोन्ही हातांनी दाबलं. ज्या हातांनी चाळीस वर्षं रेक्झिनचे चार-चार पदर मशीनखाली ढकललेत, त्या हातांनी दाबलं. काही नाही. मागच्या बसचा ड्रायव्हर स्वतःचं सिलिंडर घेऊन धावत आला. "काकू, सरका," म्हणाला आणि त्याने विझवली. तोपर्यंत मी तशीच उभी. नेमकं त्याच वेळी एका शहाण्याने मोबाइल वर धरला. व्हिडिओ नऊ सेकंदांचा आहे. त्या नऊ सेकंदांत मी हातात काहीतरी धरून खुळ्यासारखी उभी आहे.

तेव्हापासून माझ्याशी सगळे हळू आवाजात बोलतात. माझा मुलगा, जो चहा गार झाला तरी घर डोक्यावर घेतो, तो माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणतो, "होतं आई असं. तुला सुचलं नाही, त्यात काय." सूनबाई माझ्या हातातून पिशवी काढून घेते. भिंगरी सांगत होती, "आजीने दाबलं, आलंच नाही काही," तर तिला "बरं बाळा" म्हणून आत पाठवली. शिव्या परवडल्या, पण ही कीव नको. त्यानंतरच्या शनिवारी मी गाडी नसताना रिक्षाने क्लासपाशी गेले आणि बाहेरून बघितलं. ती परक्या माणसाच्या गाडीत मागे बसली होती, गप्प. ती पोरगी गप्प कधी असते?

मला सगळं सुचलं होतं. एक-एक टाका जागच्या जागी पडला होता. तुमची वस्तू खोटी निघाली. काय पाठवलंत तुम्ही मला?

भिंगरीची आजी


८ जुलै

विहीणबाईंस,

आपला राग समजू शकतो. परंतु वस्तू खोटी होती असे म्हणणे बरोबर नाही. ती नामांकित दुकानातून घेतलेली होती.

गडबडीत पिन अर्धवट निघाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. दुसरे असे की, दर महिन्याला काटा पाहिला जात होता किंवा कसे, याचा उल्लेख आपल्या पत्रात आढळला नाही.

झाले ते झाले. त्या नळकांड्याचा आता काही उपयोग नाही. ते टाकून देण्यात यावे.

भिंगरीचा आजोबा


१५ जुलै

व्याहीबुवा,

तुम्ही आणि "टाकून देण्यात यावे"? तुम्ही, ज्यांनी लग्नातल्या पेट्यांचे खिळे सरळ करून घरी नेले? वाचताना तिथेच मला पहिल्यांदा शंका आली.

टाकलं नाही. सिलिंडर भरून देणाऱ्याकडे नेलं. बाजारामागे त्याचं वर्कशॉप आहे. चष्मा छातीवर लटकवलेला, माणूस कमी बोलणारा. त्याने सिलिंडर तागडीत ठेवलं, उघडलं, आत बॅटरी मारली.

"बाई, हे आधी वापरलंय."

"हो, गेल्या महिन्यात. निघालंच नाही काही."

"गेल्या महिन्याचं नाही म्हणत मी. त्याच्या आधी. पावडर बघा, जवळजवळ सगळी शिल्लक आहे. गेलाय तो दाब. कोणीतरी हे नवं असताना एकदा दाबून बघितलंय."

"एकदाच?"

"एकदाच पुरतं. सेकंदभर जरी दाबलं ना, तरी झडपेत पावडरीचे कण अडकतात. मग झडप नीट मिटत नाही. दाब रोज थोडा थोडा जातो. दोन महिन्यांत नुसता शोभेचा डबा." मग त्याने हँडलला लटकलेलं दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं. "पिनेला कंपनीचं प्लास्टिकचं सील असतं. हा मेणाचा दोरा कोणी बांधला?"

मी बघितलं. दोन वेढे, आणि तिसरा खालून घेऊन आत खोचलेला. व्याहीबुवा, मी आयुष्यभर दोरा हाताळलाय. माणूस सही बदलतो, गाठ बदलत नाही. तुमच्या इतक्या वर्षांतल्या प्रत्येक पार्सलवर हीच गाठ कापत आलेय मी.

"जागच्या जागी तपासून घेण्यात आले आहे." मला वाटलं काटा बघितला असेल, तारीख वाचली असेल. तुम्ही तर दिव्याचा बल्ब दुकानात लावून बघावा तसं ते दाबून बघितलंत! काडेपेटी घेताना काय करता? सगळ्या काड्या ओढून बघता?

मुलाला मी अजून काही सांगितलेलं नाही. मी सांगितलं तर ते माझं निमित्त ठरेल. तुम्ही सांगा. लिहून सांगा, तुम्हाला कागद आवडतो ना.

भिंगरीची आजी


२७ जुलै

विहीणबाईंस,

उत्तरास विलंब झाला. आपल्या इच्छेनुसार कन्या व जावईबापू यांना पत्र धाडले आहे. त्याची नक्कल माहितीसाठी खाली देत आहे.

"चि. कन्या व जावईबापू यांस अनेक आशीर्वाद. दि. २ फेब्रुवारी रोजी पाठवलेल्या अग्निशामक यंत्राबाबत असे निदर्शनास आले आहे की, खरेदीच्या वेळी सदर यंत्र अल्पकाळ दाबले गेले असावे. त्यामुळे त्यातील दाब कालांतराने कमी झाला असल्याची शक्यता आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल खेद वाटतो. आपल्या मातोश्रींनी त्या प्रसंगी शक्य ते प्रयत्न केले असावेत, असे मानण्यास जागा आहे."

हे पुरेसे व्हावे.

भिंगरीचा आजोबा


१ ऑगस्ट

व्याहीबुवा,

पुरेसं? हे पत्र आहे की हरवलेल्या छत्रीची सूचना?

"दाबले गेले असावे." कोणाकडून? दुकानात वारा सुटला होता? कबुतर बसलं हँडलवर? अहो, एवढ्या मोठ्या पत्रात कर्ताच नाही! यंत्र आपोआप दाबलं गेलं, दाब आपोआप गेला, खेदसुद्धा कुणालातरी आपोआप वाटतोय. आणि मी मात्र "प्रयत्न केले असावेत"! दाबणारा निर्दोष आणि विझवणारी संशयित, हे कुठल्या भांडारात शिकलात?

मुलाने ते वाचलं. घडी घालून म्हणाला, "बघ आई, दुकानवाल्यांनीच कुणीतरी दाबलं असणार. बाबांनाही वाईट वाटलंय. सोड आता." पुन्हा पाठीवर हात! म्हणजे तुमच्या पत्राने दुकानदार अडकला, तुम्ही सुटलात आणि मी जिथे होते तिथेच, न सुचलेली म्हातारी. भिंगरी सहा शनिवार त्या गाडीवाल्याबरोबर जातेय. त्याच्या गाडीत काय आहे विचारलंत का कुणी? मी विचारलं. डिकीत जॅक आणि एक कॅरमबोर्ड.

चौतीस वर्षं तुम्ही लोकांच्या सह्या घेतल्यात ना? हमालापासून साहेबापर्यंत कुणाला सही केल्याशिवाय आत-बाहेर जाऊ दिलं नाहीत. आता स्वतःची करा. एक शब्द हवाय मला. दोन अक्षरी नाही, एक अक्षरी. "मी." मी दाबलं. लिहिता येत नसेल तर तसं कळवा, म्हणजे तुमच्या मुलीच्या संसारात आपण दोघांनी पुढची वीस वर्षं एकमेकांकडे बघून काय चेहरा करायचा ते मी ठरवते.

मी


९ ऑगस्ट

विहीणबाई,

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. आधीच्या तिन्हीत तो शब्द वाक्याच्या शेवटी जाऊन बसत होता.

मी दाबलं.

दुकानदार ओरडला माझ्यावर. "काका, काय केलंत! आता हे पुन्हा भरावं लागेल." मला वाटलं, हा मला दुसरं गळ्यात मारायला बघतोय. मी त्याला म्हणालो, घेणाऱ्याने बघून घ्यायचं नाही तर काय करायचं? मग सील तुटलं म्हणून मी दोरा बांधला. म्हणजे मला सांगितलं गेलं होतं. नाही, पुन्हा तेच झालं. त्याने मला सांगितलं होतं, आणि मी ऐकलं नाही.

भांडारात सगळं माझ्या ताब्यात होतं, फक्त भिंतीवरची ती लाल नळकांडी नव्हती. ती दुसऱ्या खात्याची. त्यांना हात लावायची मला परवानगी नव्हती. चौतीस वर्षं त्यांच्यासमोरून गेलो. सत्तराव्या वर्षी एक हातात आलं.

आगीची बातमी आली तेव्हा पहिला विचार भिंगरीचा आला. दुसरा त्या फुस्स आवाजाचा, जो मी दुकानात ऐकला होता. तिसरा विचार असा आला की हे कोणाला कळणार नाही. तिसऱ्या विचारावरून मी तुम्हाला २४ जूनचं पत्र लिहिलं.

हेच सगळं मुलीला आणि जावयाला स्वच्छ लिहून पाठवलंय. शेवटी लिहिलंय की विहीणबाईंनी कागदावरची प्रत्येक गोष्ट केली, मी एकही केली नाही, आणि न बसवायचंच असेल तर भिंगरीला माझ्या गाडीत बसवू नका.

तुम्ही माफ करावं असं लिहीत नाही. पण एक प्रश्न मी आधी विचारला होता, तो तेव्हा मी स्वतःला वाचवायला विचारला होता. आता तसाच विचारतो. फेब्रुवारी ते जून काटा खाली येत होता. तुम्हाला तो दिसला कसा नाही?

भिंगरीचा आजोबा


१८ ऑगस्ट

व्याहीबुवा,

तुमचं पत्र पोचलं आणि मुलाकडचंही पोचलं. माझं मी तीन दिवस उशीखाली ठेवलं. चांगलं होतं म्हणून नाही. शेवटच्या ओळीसाठी. इतका राग आला होता तुमचा की उत्तर सापडेना, आणि उत्तर सापडत होतं म्हणून आणखी राग येत होता.

काटा दिसला नाही, कारण काट्यावर कापड होतं. कापड मी शिवलं.

माझ्या सीट बिस्किटी रंगाच्या आहेत. त्यांच्याखालून ते लालभडक नळकांडं डोकं काढून बसायचं. उरलेल्या रेक्झिनमधून एक खोळ बेतली, कडेने तपकिरी पायपिंग. पिनेसाठी झडप ठेवली, हँडलला मोकळीक, नळीला भोक. काट्याला काही नाही. काटा आत. दर महिन्याला तुमच्या कागदाप्रमाणे मी ते हलवत होते. खोळीसकट हलवत होते आणि म्हणत होते, काय बसलीय बाई फिटिंगला.

भरून देणाऱ्याकडे नेण्याआधी ती खोळ मी काढून कपाटात ठेवली. तुम्ही जुलैत विचारलंत तेव्हा काडेपेटीवरून तुमची टर उडवली आणि प्रश्न उडवून लावला. तुमच्याकडून "मी" मागताना माझा "मी" कपाटात घडी घालून पडला होता. झालं, लिहिलं. तुमच्यासारखं चार वेळा लिहावं लागलं नाही, पण शाई दोनदा वाळली.

रविवारी मुलाकडे गेले. त्याने तुमचं पत्र समोर ठेवलं. डोळे भरलेले त्याचे. तोच तो हळू आवाज. "आई, मला माफ कर. तुला सगळं सुचलं होतं. मला वाटलं तू..."

"थांब," म्हटलं, "अजून अर्धं बाकी आहे." आणि पिशवीतून खोळ काढून टेबलावर ठेवली.

त्याने ती उचलली. "ही? व्हिडिओत तुझ्या हातात ही होती? मला वाटलं पर्स आहे! मला वाटलं गाडी पेटलीय आणि ही पर्स घेऊन उभी आहे!"

म्हणजे बघा, दोन महिने माझ्या कपाळी जी कीव आली ती माझ्याच शिलाईने.

"काट्याला भोक ठेवायचं राहिलं," मी म्हटलं. "म्हणजे राहिलं नाही. मी ठेवलं नाही. भोकाने फिटिंग बिघडलं असतं."

आणि व्याहीबुवा, तो उठला. खुर्ची मागे पडली. "आई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? काट्यावर कापड? एवढ्या गाड्यांची कव्हरं शिवतेस, स्पीडच्या काट्यावर शिवतेस का कधी? पोरगी होती गाडीत! एकाने दाबून बघायचं, दुसरीने झाकून ठेवायचं, आणि मी दोन महिने तुझ्या पाठीवरून हात फिरवतोय!" सूनबाई आतून धावत आली, "अहो, हळू, आईंना..." मी म्हटलं, "तू मध्ये पडू नकोस. ओरडू दे त्याला." भिंगरी दारात उभी राहून ऐकत होती, गंमत बघितल्यासारखी. किती दिवसांनी त्या घरात माझ्यावर कुणीतरी ओरडत होतं, जसं हातीपायी धड असलेल्या, चुकली तर जाब विचारता येईल अशा बाईवर ओरडतात तसं. मीही ओरडले. तुमच्या वाट्याचंही थोडं ओरडले, ते तुम्हाला पोचलं असेल.

नवं सिलिंडर मी त्या वर्कशॉपवाल्याकडून स्वतः घेतलंय. पावडरचं, एक किलोचं, प्लास्टिकचं सील अखंड, काटा हिरव्यात. ते लाल आहे आणि लालच राहणार आहे. तुमच्या गाडीसाठीही एक तसंच पाठवतेय. हात लावाल तर याद राखा. तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही, तिसऱ्या विचारावरचा तर मुळीच नाही, तो पुरवून पुरवून वापरणार आहे.

ओरडून ओरडून त्याचा घसा बसला. पाणी प्यायला. खुर्ची उचलून सरळ केली, तिच्यावर बसला आणि माझ्याकडे न बघता, नेहमीच्या त्या खेकसल्या आवाजात म्हणाला, "शनिवारी तिला घ्यायला साडेतीनला येतेस की पावणेचारला?"

पावणेचारला, म्हटलं.

भिंगरीची आजी